हरणाचं मटण: मुरवण किती मुरतं?

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पाच लाखांहून अधिक लोक परवाना काढून रानात उतरतात. एका शिकाऱ्याने दुसऱ्याला हरीण समजू नये म्हणून अंगावर भडक केशरी कपडे सक्तीचे. २०१६ पासून भडक गुलाबीलाही मुभा मिळाली आहे. शाळा, कचेऱ्या, कारखाने या दिवसांत निम्म्या मनानेच चालतात. धनुष्यबाण आणि इतर हंगाम धरून राज्यात वर्षाला तीन लाखांच्या आसपास हरणं मारली जातात. मध्यम आकाराच्या एका हरणातून हाडं काढून वीस-पंचवीस किलो मांस निघतं. एवढं मांस एका घराला लवकर संपत नाही, आणि ते विकायला कायद्याने बंदी.

या बंदीमागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात शहरांतल्या बाजारासाठी हरणांची बेसुमार कत्तल झाली, ती इतकी की १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणं अख्ख्या देशात पाच लाखांच्या आसपास उरली होती. मग विक्री बंद झाली, परवाने आले, हंगाम ठरले. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे, आणि लोकांच्या बागा आणि मोटारींचे बंपर दोन्ही त्यांच्यापायी धोक्यात असतात. पण बंदी कायम आहे. त्यामुळे रानातल्या हरणाचं मांस तिथे विकत मिळत नाही. कोणीतरी द्यावं लागतं.

मॅडिसन किंवा मिनियापोलिसमधल्या मराठी घरातही ते असंच येतं. शेजारी किंवा कंपनीतला सहकारी डिसेंबरात पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, दगडासारखं गोठलेलं पुडकं हातात ठेवतो. वर मार्करने ‘बॅकस्ट्रॅप’ किंवा ‘रोस्ट’ लिहिलेलं असतं. पुडक्याबरोबर सल्लाही मिळतो: रात्रभर ताकात ठेवा. दुसरा सांगतो व्हिनेगर. तिसरा इटालियन सॅलड ड्रेसिंगची अख्खी बाटली ओतायला सांगतो, आणि ही युक्ती तिथे घरोघर चालते. कोणी कोका-कोलाचंही नाव घेतं. मराठी गृहिणी हे सगळं ऐकून घेते आणि बोकडाच्या मटणाला लावते तेच दही, हळद, आलं-लसूण लावून मोकळी होते.

सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी समजूत एकच. हरणाच्या मटणाला उग्र वास असतो, ते चिवट असतं, आणि मुरवणात ठेवलं की दोन्ही दोष जातात. समजूत फार जुनी, त्यामुळे तिला मान मोठा. पण वास आणि चिवटपणा हे दोन दोष येतात वेगवेगळ्या कारणांनी, आणि मुरवणाची पोच दोन्हींपर्यंत फारशी नाही.

आधी मांस काय आहे ते पाहू. शंभर ग्रॅम कच्च्या हरणाच्या मांसात साधारण २३ ग्रॅम प्रथिनं, जेमतेम अडीच ग्रॅम चरबी आणि साडेतीन मिलिग्रॅमच्या जवळपास लोह असतं. उष्मांक १२०. चरबी कातडीखाली आणि पोटात साठते, स्नायूंच्या धाग्यांमध्ये ती जवळजवळ नसतेच. रंग मात्र गडद, जांभळट लाल. आयुष्यभर धावणाऱ्या प्राण्याच्या स्नायूंना प्राणवायूचा साठा हवा असतो, आणि तो साठा धरून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मांसाला हा रंग देतं. पुडकं वितळल्यावर ताटात जे लाल पाणी जमतं तेही मायोग्लोबिन मिसळलेलं पाणीच. त्याला रक्त समजून ‘रक्त निघून जाऊ दे’ म्हणत तासन् तास मांस पाण्यात भिजवणारे पुष्कळ आहेत. रक्त बहुतेक सगळं रानातच वाहून गेलेलं असतं. भिजवल्याने जाते ती चव.

आता वास. बोकडाच्या किंवा मेंढीच्या वासाचं घर जसं चरबीत, तसंच हरणाच्या वासाचंही. हरणाच्या चरबीत स्टिअरिक आम्लाचं प्रमाण बरंच असतं. अशी चरबी लवकर वितळत नाही आणि लवकर थिजते. गरम रश्शाचा घास घेतला की ती टाळूला आणि दातांना मेणचट चिकटून बसते, आणि तिच्यातला वास तोंडात रेंगाळतो. म्हणून जाणता शिकारी गाईच्या किंवा डुकराच्या मांसावरची चरबी राखतो, पण हरणाची पांढरी चरबी सुरीने खरवडून काढतो. फ्रीझरमध्ये पाच-सहा महिने पडलेल्या मांसात हीच चरबी आधी खवट होते. ज्या वासाला लोक ‘रानटी’ म्हणतात, त्यातला मोठा भाग असा साध्या खवटपणाचा असतो.

उरलेला भाग गोळी लागल्यापासून पुढच्या काही तासांचा. गोळी छातीत लागली, हरीण जागीच पडलं, लगेच पोट उघडून आतडी काढली आणि धड थंड झालं, तर मांस गोडसर लागतं. गोळी पोटात लागली, आतड्यातलं सगळं आत सांडलं, जखमी जनावर मैल-दोन मैल धावलं आणि सापडायला संध्याकाळ झाली, तर त्या मांसाचं पुढे काहीही केलं तरी ते सुधारत नाही. याला रसायनशास्त्राचं कारण आहे. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. प्राणी शांतपणे मेला तर तिचं लॅक्टिक आम्ल होतं, मांसाचा सामू साडेपाचच्या आसपास उतरतो आणि जंतूंना ते मानवत नाही. जीव घेऊन धावलेल्या हरणाची ही साखर आधीच संपलेली असते. सामू चढा राहतो, मांस गडद आणि चिकट दिसतं आणि लवकर नासतं.

टांगण्याचाही भाग आहेच. जनावर मेल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि ते सैल पडायला एक-दोन दिवस लागतात. शून्य ते चार अंश सेल्सियसमध्ये धड आठवडाभर टांगून ठेवलं तर मांसातलीच विकरं धागे हळूहळू तोडतात आणि मांस नरम पडतं. बाहेर १५ अंश उबदार हवा असताना गॅरेजमध्ये टांगलं, तर नरम पडण्याआधीच ते सडू लागतं. नोव्हेंबरच्या थंडीत विस्कॉन्सिनच्या माणसाला हे सोपं जातं. दक्षिणेकडच्या राज्यांत बर्फाच्या पेट्या लागतात.

थोडक्यात, पुडकं स्वयंपाकघरात येईपर्यंत वासाचं भवितव्य बरंचसं ठरून गेलेलं असतं.

मग मुरवण काय करतं? मांडीचा एक जाड तुकडा घ्यावा, चार-पाच सेंटिमीटर तरी जाड. दही, लिंबू आणि भरपूर हळद फासून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी पुसून मधोमध कापावा आणि खिडकीच्या उजेडात धरावा. कडेला पिवळी रेघ दिसते, तिच्या आत करडट पट्टा, आणि पुढे सगळं जसंच्या तसं लाल. ही रेघ आणि पट्टा मिळून तीन-चार मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जातात. आणखी एक दिवस ठेवला तरी फारसा फरक पडत नाही. मसाल्यातले सुगंधी रेणू बहुतेक तेलात विरघळणारे, आणि मांस तर तीन चतुर्थांश पाणी. ते आत शिरणार कसे?

आम्ल थोडं आत जातं, पण ते जे करतं ते दर वेळी हवंहवंसं नसतं. व्हिनेगर किंवा लिंबू पृष्ठभागावरची प्रथिनं आकसवतं. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसाच हा प्रकार. रात्रभरात बाहेरचा थर करडा, भुसभुशीत होतो आणि आतलं मांस जसं होतं तसंच राहतं. तव्यावर टाकल्यावर त्या थरातून पाणी सुटतं, खरपूस भाजण्याऐवजी मांस उकडतं. ताक किंवा दही सौम्य असल्याने नुकसान कमी करतं, एवढाच त्यांचा मोठेपणा. ताकात ठेवल्यावर वास कमी झाल्यासारखा वाटतो, कारण पृष्ठभागावरचं सुटलेलं पाणी आणि सैल चरबी ताकाबरोबर धुऊन जाते. हेच काम सुरी आणि कोरडा कागद अधिक चांगलं करतात.

कच्च्या पपईची गोष्ट थोडी निराळी. तिच्यातलं पॅपेन विकर प्रथिनं खरोखर तोडतं. पण तेही वरच्याच थरात, आणि त्याचा जोर थंड फ्रीजमध्ये नसून शिजताना साठ-सत्तर अंशांच्या आसपास असतो. प्रमाण चुकलं की बाहेरून लगदा आणि आतून चामडं, अशी दुहेरी शिक्षा मिळते. खिम्याच्या कबाबात पपई शोभते, कारण तिथे सगळाच पृष्ठभाग. जाड तुकड्याला तिचा उपयोग नाही.

मुरवणातला एकच घटक खोलवर जातो, आणि तो म्हणजे मीठ. ते पाण्यात विरघळतं आणि पाण्याच्या वाटेने आत सरकत राहतं. आत गेल्यावर स्नायूंच्या प्रथिनांची घट्ट बांधणी सैल करतं, त्यामुळे शिजताना मांसातलं पाणी कमी सुटतं. चरबी नसलेल्या मांसाला हाच खरा आधार. किलोभर मांसाला दहा-बारा ग्रॅम मीठ चोळून, झाकण न लावता फ्रीजमध्ये एक रात्र ठेवलं, तर आत मीठ पोचतं आणि वरचा भाग कोरडा राहिल्याने तव्यावर चांगला रंग धरतो. मराठी घरात मटणाला हळद-मीठ लावून ठेवण्याची रीत आहे. त्यातलं श्रेय हळद घेऊन जाते, काम मीठ करतं.

इतकं असूनही मुरवणाची कीर्ती एवढी का? युरोपात तिची मुळं फ्रीज नसण्यात आहेत. जर्मनीत हरणाचं किंवा ‘रो’ जातीच्या लहान हरणाचं मांस ताकात नाहीतर लाल वाइनमध्ये बुडवून तळघरात ठेवत. आंबट द्रवात हवा लागत नाही, जंतू दबतात, चार दिवस निघतात. त्यात जुनिपरची फळं, तमालपत्र, लवंग, गाजर, कांदा पडे. उद्देश टिकवण्याचा होता. फ्रीज आल्यावर गरज संपली, पण चव जिभेवर बसून गेली.

आणि चव कशी बसते याचा सुंदर पुरावा फ्रेंच स्वयंपाकात आहे. तिथे मेंढीची मांडी वाइन, व्हिनेगर आणि मसाल्यांत काही दिवस मुरवून ‘हरणासारखी’ करण्याचा पदार्थ आहे, ‘जिगो आँ शव्रय’ या नावाचा. म्हणजे मेंढीला हरणाचं सोंग देता येत होतं, आणि ते सोंग वठवत होतं मुरवण. लोकांनी ज्याला हरणाची चव मानलं, ती बरीचशी वाइन आणि जुनिपरची चव होती.

इंग्लंडात तर सोंगाला बाजारच होता. तिथे हरीण राजाचं आणि सरदारांचं. १२१७ च्या वनसनदेने राजाचं हरीण मारल्याबद्दल जीव घेण्याची किंवा हात-पाय तोडण्याची शिक्षा बंद केली, तरी दंड होता, आणि तो भरता आला नाही तर वर्ष आणि एक दिवसाची कैद. पाचशे वर्षांनी, १७२३ च्या ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’ने तोंडाला काळं फासून हरणं चोरणाऱ्यांसाठी फाशी पुन्हा आणली. जी वस्तू विकत मिळत नाही, फक्त मोठ्या घरातून भेट येते, तिचा पाहुण्यांपुढे केवढा रुबाब! मग नक्कल आलीच. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स १६६० च्या जानेवारीत एका नातेवाइकाकडे जेवायला गेला होता. हरणाचं मांस भरलेली म्हणून पुढे आलेली पेस्टी सरळ सरळ गोमांसाची निघाली, आणि हे काही शोभलं नाही अशी नोंद त्याने करून ठेवली.

आपल्याकडे जुने संदर्भ कमी नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ११२९ च्या सुमाराचा ग्रंथ मराठी अभ्यासकांना ठाऊक असतो तो ओवीच्या उल्लेखासाठी. त्यातच हरणांच्या शिकारीचे कितीतरी प्रकार वर्णिले आहेत, आणि अन्नभोगाच्या भागात मांसाला हिंग, सैंधव, आंबट रस लावून निखाऱ्यावर भाजण्याच्या कृती आहेत. राजस्थानात शिकारीच्या मांसाला काचरी लावत. काचरी म्हणजे वाळवंटी भागातलं लहानसं रानकाकडीसारखं फळ, त्याची वाळवून केलेली पूड आंबट असते आणि मांस नरम करते. ‘लाल मांस’ हा तिथला पदार्थही मुळात शिकारीचाच, त्यातली लसूण-मिरचीची मारामार वासावरचा उपाय होती असं सांगतात. कोल्हापूर संस्थानात तर विसाव्या शतकातही आफ्रिकेतून आणलेले चित्ते काळविटांच्या मागे सोडले जात. हे सगळं आता इतिहासजमा. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार भारतात हरणाची शिकार करणं गुन्हा आहेच, त्याचं मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. हरणाचं मटण रांधण्याचा प्रश्न मराठी माणसाला पडतो तो परदेशातच.

रांधण्याचं पहिलं सूत्र असं की हरणात दोन जनावरं असतात. एक कण्याच्या दोन्ही बाजूंनी गेलेला लांब पट्टा, कण्याच्या आतल्या दोन लहान पट्ट्या आणि मांडीतले काही मोठे स्नायू. दुसरं म्हणजे नळी, खांदा, गर्दन, सीना. पहिल्याला कडक आच आणि थोडा वेळ लागतो, दुसऱ्याला भरपूर वेळ. या दोघांना एकाच पातेल्यात घालून ‘मटण’ केलं की अर्धे तुकडे दोरखंड होतात, आणि दोष मुरवणाला दिला जातो.

पाठीचा पट्टा, म्हणजे पुडक्यावरचा ‘बॅकस्ट्रॅप’, हाती आला की सगळ्यात आधी त्यावरचा चंदेरी पापुद्रा काढायचा. तो दिसायला देखणा, मोत्यासारखी झाक असलेला, पण झटपट भाजण्यात तो विरघळत नाही, उलट आकसून तुकडा वाकवतो. पातळ, लवचिक सुरीचं टोक एका टोकाशी पापुद्र्याखाली घालायचं, दोन बोटं आत जातील एवढी जीभ सोडवायची, ती डाव्या हाताने ताणून धरायची आणि सुरीची धार किंचित वर, पापुद्र्याकडे ठेवून सरकवायची. धार खाली झुकली की मांसाचे चांगले लचके निघून येतात. एक पट्टा स्वच्छ करायला नवख्याला पंधरा मिनिटं लागतात. रात्रभराच्या ताकापेक्षा या पंधरा मिनिटांनी चवीत अधिक फरक पडतो.

मग जाड बुडाचा तवा किंवा बिडाची कढई धूर येईपर्यंत तापवायची. आदल्या रात्रीच मीठ लावलेला पट्टा कोरडा करून थोड्या तेलात टाकायचा. चारही बाजू खरपूस झाल्या की आच कमी, शेवटी लोणी, चेचलेली लसूण, मिरी. मांसात खुपसायचा थर्मामीटर अमेरिकेत दहा-पंधरा डॉलरांत मिळतो, आणि या एका पदार्थासाठी तो घ्यावाच. आत ५२ ते ५५ अंशांना काढून आठ-दहा मिनिटं तसाच ठेवला तर मधोमध गुलाबी राहतो. साठ-पासष्टच्या पुढे स्नायूभोवतीची कोलॅजन या चिवट प्रथिनाची वेष्टणं आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. बोकडाच्या मटणात तेव्हा चरबी वेळ निभावून नेते. इथे निभावायला कोणी नाही. शिवाय जास्त शिजलेल्या हरणाच्या मांसात लोह जास्त असल्याने कलेजीसारखी चव उतरते, आणि खाणारा पुन्हा ‘रानटी वास’ म्हणून नाक मुरडतो.

आपल्या लोकांना गुलाबी मांस जड जातं, हे खरं. पूर्ण शिजवूनच खायचं असेल तर पट्टा वाया घालवण्यात अर्थ नाही. तो देणाऱ्याला परत द्यावा आणि बदल्यात नळ्या मागून घ्याव्यात. तो आनंदाने देईल, कारण अनेक अमेरिकी शिकारी नळीचं मांस सरसकट खिम्यात घालतात. कोल्हापुरी किंवा वऱ्हाडी हातासाठी नळी आणि गर्दन हाच हरणाचा उत्तम भाग. यात कोलॅजन ठासून असतं. ते सत्तर अंशांच्या पुढे तासन् तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, आणि तेच रश्शाला दाटपणा आणि बोटांना चिकटपणा देतं. मंद आचेवर याला तीन-साडेतीन तास लागतात. कुकरमध्ये दाबामुळे तापमान ११५ ते १२० अंशांपर्यंत जात असल्याने चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत काम होतं. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून घड्याळ पाहावं.

मसाल्याचं म्हणाल तर नेहमीच्या वाटणात फारसा बदल नको, दोन गोष्टी सांभाळाव्यात. चरबी नसल्याने तेल थोडं सढळ हाताने घालावं किंवा सुकं खोबरं वाढवावं. आणि आंबटपणा शेवटी द्यावा. चिंच किंवा टोमॅटो सुरुवातीलाच ढीगभर घालू नये. दगडफूल, मिरी, लवंग, तमालपत्र या गडद मांसाला फार शोभतात. जर्मन लोक हरणाबरोबर गोड-आंबट लिंगनबेरी आणि नासपती देतात. आपल्या पानात ती जागा कोकमाने किंवा पिकलेल्या अननसाच्या रायत्याने भरून काढता येते.

खिम्याची अडचण निराळी. चरबीच नाही म्हणून कबाब सुटतात, कोफ्ते रेताड लागतात. खाटीक त्यात दहा ते वीस टक्के डुकराची किंवा गाईची चरबी मिसळून देतो, आणि देताना सांगतोच असं नाही. ज्या घरात हे चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं. बिनचरबीचा खिमा मिळाला तर त्यात भिजवलेला पाव, अंडं आणि तूप घालून भागतं.

आता सुरक्षिततेचं. अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश आणि खिम्यासाठी ७१ अंशांचा. वर सांगितलेलं गुलाबी मांस त्या आकड्याच्या खालचं आहे. शेफ आणि शिकारी ते खातात, गर्भवती, लहान मुलं आणि आजारी माणसांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी हरणांत आढळतो. दळलेल्या मांसात पृष्ठभागावरचे जंतू आतवर जातात, म्हणून खिम्याला सवलत नाही. वाळवलेल्या मांसालाही नाही. १९९५ मध्ये ओरेगॉन राज्यात घरी वाळवलेल्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलायच्या घातक प्रकाराची लागण झाली होती. व्हिनेगर-सोया सॉसच्या मुरवणाने जंतू मरतील, या भरवशावर घरगुती जर्की करणारे आजही आहेत. वाळवण्याआधी किंवा नंतर मांस पुरेसं तापवावं लागतं, त्याला पर्याय नाही.

आणखी दोन धोक्यांवर आच काहीच करू शकत नाही. एक, शिसं. बंदुकीची शिशाची गोळी लागल्यावर तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बऱ्याच लांबवर पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा राज्याने अन्नदान केंद्रांना दानात आलेला हरणाचा खिमा टाकून द्यायला सांगितलं होतं, कारण त्यात असे कण सापडले. घरात लहान मुलं असतील तर ‘गोळी तांब्याची की शिशाची?’ हे देणाऱ्याला विचारण्यात संकोच नको. दुसरा धोका क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा रोग. १९६७ मध्ये कोलोराडोतल्या एका संशोधन केंद्रात तो प्रथम दिसला, आणि विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडल्यावर तिथे खळबळ माजली. तो होतो प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे, आणि ती ना शिजवून मरतात ना गोठवून. माणसाला तो झाल्याचं अद्याप सिद्ध झालेलं नाही, तरीही रोगट ठरलेल्या हरणाचं मांस खाऊ नका असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा स्पष्ट सल्ला आहे. शिकारी मानेतल्या लसिका ग्रंथींचा नमुना तपासणीला देतात आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवतात. पाया किंवा कण्याच्या हाडांचा रस्सा करायची हौस असलेल्यांनी हा रोग असलेल्या प्रदेशात ती आवरावी, कारण कणा आणि मेंदू इथेच प्रिऑन जास्त.

देणारा शेजारी नसेल तर दुकान आहे, पण तिथलं मांस रानातलं नसतं. अमेरिकेतल्या दुकानांत मिळणारं हरणाचं मांस बरंचसं न्यूझीलंडच्या पाळीव लाल हरणांचं. ब्रिटिश वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी तिथे नेलेली ही हरणं पुढे उपद्रव ठरली, १९६० च्या दशकात हेलिकॉप्टरमधून मारली जाऊ लागली, त्यांचं मांस जर्मनीला जाऊ लागलं, आणि १९७० च्या सुमारास त्यांची शेतं सुरू झाली. गवतावर वाढलेलं, लहान वयात शांतपणे मारलेलं, ताबडतोब थंड केलेलं हे मांस इतकं सौम्य असतं की बिनमिठाचं भाजलं तर काहींना ते गोमांस वाटतं.

दुसरं दुकानी मांस आपल्या ओळखीचं. १८६८ मध्ये हवाईचा राजा पाचवा कामेहामेहा याला हाँगकाँगहून भेट म्हणून काही चितळ पाठवण्यात आले, मूळचे भारतातले. मोलोकाई बेटावर सोडलेल्या त्या मोजक्या जनावरांच्या वंशजांना तिथे ना वाघ होता ना रानकुत्रा. माउई बेटावर ते १९५९ च्या सुमारास नेले गेले, आणि २०२१ मध्ये दुष्काळात चाऱ्यासाठी शेतांत, रस्त्यांवर उतरलेल्या चितळांमुळे राज्यपालांना आणीबाणी जाहीर करावी लागली. तिथे रात्री उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणी लावून, सरकारी निरीक्षकाच्या देखत चितळ टिपले जातात आणि त्यांचं मांस कायदेशीरपणे विकलं जातं. टेक्सासमध्ये चितळ १९३२ च्या सुमारास आले. पांढऱ्या शेपटीची हरणं झाडपाला खुडतात, चितळाचा भर गवतावर, आणि मटणाची चव इतकी मवाळ की टेक्सासचे शिकारी त्याला सगळ्या हरणांत वरचा नंबर देतात. परका प्राणी म्हणून त्याला हंगामही नाही आणि मारण्याची मर्यादाही नाही. ह्यूस्टन-ऑस्टिनकडच्या मराठी घरात पुडकं आलं तर त्यावर ‘अ‍ॅक्सिस’, म्हणजे चितळ, लिहिलंय का पाहावं. लिहिलं असेल तर ताक फ्रीजमध्येच राहू द्यावं, रात्री मीठ लावावं आणि दुसऱ्या दिवशी तवा चांगला तापवावा.